गुरुवारची वीज

१

कडी वाजली. एकदाच, आणि तीही इतकी हळू की वाजवणाऱ्यालाच ती ऐकू जायला नको असावी.

दुपारचे अडीच झाले होते. बाळ नुकतंच झोपलं होतं. माझी थोरली, चिमणी, गादीवर पालथी पडून कागदावरच्या हत्तीला चौथा डोळा काढत होती. सात महिन्यांच्या लेकराच्या आईला दिवसातून एकदाच मिळते तशी शांतता घरभर पसरली होती. मी चवड्यांवर चालत दाराशी गेले.

दारात मावशी उभी होती, माझ्या आईची धाकटी बहीण. वसाहतीत तिला सगळे वहीमावशी म्हणतात. आजही वही होतीच, पण नेहमीसारखी काखेत नव्हती. तिने ती दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली होती.

"बेल आहे की, मावशी."

"बाळ उठलं असतं ना." ती आत आली, पण बसली नाही. "भाऊजी आहेत घरात?"

"बाबा जेवून वाचनालयात गेलेत. पाचच्या पुढे येतील."

"बरं झालं. त्यांच्या कानावर घालू नकोस. ब्लडप्रेशर आहे, उगाच त्या चेअरमनच्या घरी जाऊन उभे राहतील." मग तिने वही माझ्या हातात दिली. आठ वर्षांत ती वही तिने दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेली मी पाहिली नव्हती. "रविवारच्या सभेत ही जमा करायला सांगितलीय. माझ्यावर चोरीचा आळ आलाय गं."

"कसली चोरी?"

"विजेची. रोज तेरा युनिट."

मला हसू येणार होतं. मावशी दुसऱ्याच्या अंगणातलं पडलेलं फूलसुद्धा विचारल्याशिवाय उचलत नाही. पण तिच्या हनुवटीकडे लक्ष गेलं आणि हसू जागच्या जागी विरलं. आई गेली त्या दिवशी ती हनुवटी तशी थरथरली होती.

"तू विमा कंपनीत खोटे दावे पकडायचीस ना?" ती म्हणाली. "मग हा पकड. खोटी मी असेन तर मलाच पकड."

आत बाळ रडायला लागलं.

२

जे मला श्वासाइतकं सवयीचं आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमची वसाहत तीस घरांची. सगळी दोऱ्याच्या कारखान्यातल्या कामगारांची. शिवणाच्या दोऱ्याची रिळं तिथे भरायची. माझं लहानपण त्या रंगांत गेलं. आई वाइंडिंग खात्यात, रिळांवर दोरा गुंडाळायच्या अकरा नंबरच्या मशीनवर होती. ती घरी यायची तेव्हा तिच्या पापण्यांवर त्या दिवशीच्या दोऱ्याची लव असायची, कधी निळी, कधी लाल. मी ती फुंकून उडवायचे आणि ती डोळे मिटून घ्यायची. बाबा फिटर. मशीन बिघडलं की बाबा, आणि मशीन बिघडल्याचं नाटक करायचं असलं की आई, असं त्यांचं लग्न जमलं, असं मावशी सांगते.

बारा वर्षांपूर्वी भोंगा वाजायचा थांबला. शेड कामगारांच्या सोसायटीकडे आली आणि चार वर्षं ती नुसती उभी होती. मग बाबा आणि त्यांच्या तीन मित्रांनी डोकं लावलं. छप्पर मोठं, दक्षिणेला उतरतं, त्यावर सौर पॅनल बसवायचे आणि वीज सगळ्यांनी वाटून घ्यायची. ज्यांना पैसे घालणं जमलं त्यांनी पैसे घातले. दोन घरांना जमलं नाही, त्यांनी दर आठवड्याला पॅनल धुवायचे आणि तोच त्यांचा हिस्सा. कुणी गावाला गेलं तर आपली वीज शेजाऱ्याला द्यायची. रोज किती आली, कुणाची कुणाला दिली, हे वहीत लिहायचं काम मावशीचं. आणि एक नियम बाबांनी हट्टाने घालून घेतला होता. रोजच्या विजेचे दहा वाटे करायचे. नऊ तीस घरांचे, दहावा छपराचा. छपराचा वाटा वीज कंपनीला विकायचा आणि त्यातून गळती, दुरुस्ती, उद्या पॅनलची वीज जिथे गोळा होते ती मोठी पेटी बदलावी लागली तर ती, असं सगळं भागवायचं.

"छप्पर आपल्याला पोसतं, आपण छपराला नको का पोसायला?" बाबा म्हणायचे.

सात महिन्यांपूर्वी नवे चेअरमन आले. ते जुन्या टाइमकीपरांचे चिरंजीव, बँकेत आहेत. त्यांनी पहिल्याच सभेत विचारलं, "छप्पर वीज खातं का?" सगळे हसले आणि छपराचा वाटा बंद झाला. प्रत्येक घराला थोडी जास्त वीज मिळायला लागली. बाबा सभेतून उठले आणि परत त्या सभेत पाऊल टाकणार नाही म्हणाले. टाकलंही नाही. तेव्हा मी नुकतीच बाळंत झालेले, माझ्या डोक्यात दूध आणि झोप याशिवाय काहीच शिरत नव्हतं.

"आणि महिन्याभरात वीज घटली," मावशी म्हणाली. मी बाळाला मांडीवर घेऊन थोपटत होते. "एकशेतीसच्या जागी एकशेसतरा. तेव्हापासून एखादा दिवस सोडला तर तेच चाललंय. आता चेअरमनने एक कंपनी आणलीय. टाय लावून एक जण आला होता. तो म्हणतो, पॅनल म्हातारे झालेत, आम्हाला द्या, वीस वर्षं आम्ही सांभाळू, तुम्हाला बिलात सूट देऊ. पॅनल त्यांचे, छप्परही त्यांच्याच ताब्यात."

"मग तुझा काय संबंध?"

"मी म्हटलं, पॅनल ठणठणीत आहेत, मी रोज बघते. तर चेअरमन म्हणतो, मग वही खोटी. पॅनल चांगले असतील तर वीज जाते कुठे ते तुम्हीच सांगा, मीटरच्या खोलीची किल्ली तुमच्याकडे असते."

"म्हणजे तू नुसतं 'हो, झाले म्हातारे' म्हणालीस तर सुटलीस?"

"हो ना." मावशीने बाळाची टोपी सरळ केली. "पण ते नाहीत ना झालेले."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला कडेवर आणि चिमणीला बोटाला धरून मी निघाले. तपास करणाऱ्या माणसाच्या खांद्यावर ओकारीचा डाग असेल तर लोक फार मोकळेपणाने बोलतात. हे मला नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.

एवढी वीज दिवसाढवळ्या गिळू शकेल असं वसाहतीत एकच दुकान आहे. लाँड्रीवाल्या वहिनींचं. दोन इस्त्र्या, एक मोठं धुण्याचं मशीन, आणि दारावर पाटी: सोमवारी बंद.

"ये गं, मलाच पकडायला आलीस ना?" वहिनींनी इस्त्री उभी केली. "सगळ्यांची बोटं माझ्याकडेच. अगं, मी शेजारच्या दोन घरांची वीज रीतसर घेते, तुझ्या मावशीच्या वहीत आहे बघ. चोरायचीच असती तर चेअरमनचे शर्ट फुकट केले असते का? कॉलर बघ त्यांची, जसा काही घामाचा कारखाना काढलाय."

"वहिनी, मशीन कधी चालवता?"

"मंगळवार ते रविवार, उजेड आहे तोवर. सोमवारी माझी पाठ बंद असते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू? मला ती कंपनी नकोय. आज मी शेजारणीची वीज मागते, ती हो म्हणते. त्या टायवाल्याला काय मागणार? पण तुझी मावशी चोर ठरली तर अर्धी सभा रागाने हात वर करेल आणि सही होऊन जाईल."

चेअरमन संध्याकाळी फाटकाशी भेटला. माणूस वाईट नाही. लहानपणी आम्ही एकाच दोरीवरून उड्या मारल्यात, आणि त्याला कधी हरलेलं आवडायचं नाही.

"ताई, मलाही बरं वाटत नाहीये," तो म्हणाला. "पण पेटीचा फिल्टर बदलायलासुद्धा सोसायटीकडे आज काही नाही. ती पेटी गेली तर काय करायचं? कंपनी येतेय तर येऊ दे. आणि मावशींचं म्हणशील, तर त्या अशा अडून बसल्या की माझ्यापुढे दुसरा रस्ता राहत नाही."

"सोसायटीकडे काही का नाही, हे तू कधी विचारलंस?"

तो घड्याळाकडे बघायला लागला.

शुक्रवारी आणि मंगळवारी वायरमन येतो. त्या दिवशी मंगळवारच होता. तो शिडीवरून उतरत होता. आमच्या पॅनलवरची वीज आधी एका मोठ्या कपाटाएवढ्या पेटीत जाते. ती पेटी उन्हाची वीज घरात चालेल अशी करते, आणि तिथून तारा मीटरकडे जातात. मावशी रोज संध्याकाळी लिहिते तो आकडा मीटरचा.

"पेटी स्वतः काही मोजते का?" मी विचारलं.

"मोजते की." त्याने पेटीच्या छोट्या पडद्यावर बोट दाबलं. "किती तयार झाली, रोजचं, हिच्या पोटात सहा महिने साठलेलं असतं. पण कुणी विचारत नाही. सगळे मीटर बघतात."

मी चिमणीच्या चित्रकलेच्या वहीचं मागचं पान फाडलं आणि काल किती ते विचारलं. त्याने सांगितलं, "एकशेतीस."

मावशीच्या वहीत काल एकशेसतरा होतं.

पॅनल म्हातारे नव्हते आणि मावशीही खोटी नव्हती. वीज पेटीतून निघत होती आणि मीटरपर्यंत पोचत नव्हती. मध्ये फक्त वीस पावलांची तार होती, शेडच्या आतून गेलेली.

"अजून एक," वायरमन हात पुसत म्हणाला. "छपरावर तीन ठिकाणी नवं डांबर लावलंय, फार व्यवस्थित. कमिटीने कुणाला काम दिलं? माझ्या भावाला विचारायचं होतं."

कमिटीने कुणालाच काम दिलं नव्हतं.

४

बुधवारी दुपारी मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले. एकीकडे पेटीचे, एकीकडे मावशीचे. मावशीच्या वहीत आकड्यापुढे तिचा शेराही असतो: लख्ख, धूळ, ढग, पॅनल धुतले. आठ वर्षांचं आभाळ तिने एकेका शब्दात लिहून ठेवलंय. मधूनच एका तारखेपुढे फक्त "ताई" एवढंच होतं. तो आई गेली तो दिवस. आकडा त्याही दिवशी होता.

मी वजाबाक्या करत गेले आणि हळूहळू माझ्या अंगावर काटा आला.

लख्ख दिवशी पेटीत एकशेतीस आणि तेरा गायब. धुळीच्या दिवशी शंभर आणि दहा गायब. ढगांच्या दिवशी पेटीत सत्तर, मीटरवर त्रेसष्ट, गायब सात.

चोर असा नसतो. इस्त्रीला ढगांशी काय देणंघेणं? तिला लागेल तेवढी वीज ती ओढणारच. हा मात्र आभाळाकडे बघून घेत होता. जितकं पिकलं त्याचा बरोबर दहावा हिस्सा, एक दाणाही जास्त नाही.

वहिनींचं दुकान सोमवारी बंद, पण सोमवारी वीज जात होती. वायरमन आठवड्यातून दोन दिवस येतो, वीज मात्र बाकीच्या दिवशीही जात होती. चेअरमन रविवार सोडून बँकेत. आणि तरीही दर आठवड्यात एक दिवस असा होता की पेटी आणि मीटर तंतोतंत जुळत होते. सव्वीस आठवड्यांत सव्वीस वेळा. तो वार मी पानावर लिहिला आणि त्याभोवती गोल काढला. गुरुवार.

गुरुवारी कोण सुटीवर असतं? मला काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाळाचे कपडे घडी करत होते. बाबा ओट्यावर बाळाची ढकलगाडी उलटी ठेवून चाकात तेल सोडत होते. चिमणी त्यांच्या पाठीवर बसून सूचना देत होती.

"आजोबा, आज वाचनालय नाही?"

"आज सुटी."

"वाचनालयाला?"

"मला गं, मला."

माझ्या हातातलं झबलं तसंच राहिलं. लहानपणीचा गुरुवार असाच असायचा. बाबा ओट्यावर, आजूबाजूला उलट्या केलेल्या वस्तू, सायकल, स्टोव्ह, माझं दप्तर. शाळेतल्या मैत्रिणींचे वडील रविवारी घरी असायचे, माझे गुरुवारी. कारखान्याची साप्ताहिक सुटी गुरुवारी होती.

बारा वर्षं बंद असलेल्या कारखान्याची सुटी अजून कोण पाळतं?

५

शुक्रवारी दोनला बाबा जेवून निघाले. मी सव्वादोनला निघाले. बाळ कडेवर, चिमणी पुढे. शेडच्या मागच्या बाजूला पाळणाघराचं छोटं दार आहे. बायका कामावर यायच्या तेव्हा पोरांना तिथे सोडायच्या. मीही तिथेच वाढले. दाराला कुलूप नव्हतं.

आत पाऊल टाकण्याआधीच तो आवाज आला. आधी मोटारीची घरघर, तिच्यावर छताखालच्या, सगळी मशीनं पट्ट्यांनी फिरवणाऱ्या लोखंडी दांड्याची संथ गरगर, आणि त्याच्यावर, अगदी वर, रिळांची बारीक किणकिण. कडेवरचं बाळ बघता बघता झोपलं. मला भिंतीला टेकावं लागलं. भीतीने नाही. माझेच डोळे जड झाले होते. तीस वर्षांनी शरीराने तो आवाज ओळखला आणि म्हटलं, झोप आता, आई पलीकडेच आहे.

बाबा अकरा नंबरच्या मशीनसमोर उभे होते. स्टूल रिकामं होतं. त्यावर ते बसले नव्हते. त्यांच्या भुवईवर निळी लव होती.

"आजोबा!" चिमणी ओरडली.

बाबांनी खटका खाली केला. पट्टा सैल होत होत थांबला. बराच वेळ दांडा एकटाच फिरत राहिला.

"कसं कळलं?" ते म्हणाले.

"तुम्ही दहावा हिस्सा घेत होतात. चोराला कशाला हवा हिशोब? आणि गुरुवारी घेत नव्हतात."

त्यांना हसू आलं, मग ते पुसलं गेलं. "छप्पर गळायला लागलं, पोरी. बरोबर इथे, हिच्या डोक्यावर. मी चेअरमनकडे डांबर मागितलं. तो म्हणाला, तो फंड बंद झालाय. म्हटलं बरं. छपराचा वाटा तुम्ही खाता, तर तो मी छपरालाच देतो. कोठीत जुन्या दोऱ्याचे ते मोठे शंकूसारखे कोन होते. रिळं भरली, शिंप्याने घेतली, डांबर आलं. एक मशीन फिरवायचं तरी सगळा दांडा फिरतो, त्यामुळे वीज लागते. ऊन उतरेपर्यंत पेटीवर बघायचो किती झाली, तिच्या दहाव्या हिश्शाएवढंच चालवायचो, आणि थांबायचो."

"मीटरच्या आधीच तार जोडून?"

"मग काय! मीटरच्या पलीकडे गेलेली ती लोकांची. तिला हात लावला तर चोरी. अलीकडची..." ते अडखळले. "खात्यात आपण कोनाचं वजन करायचो आणि रिळांचं करायचो. दोन्ही कधी जुळलेत? लव उडते, तुटतं, फेकलं जातं. वहीत 'घट' लिहायची, साहेब सही करायचा. मला वाटलं, हीसुद्धा घट म्हणून जाईल. वीज काही लव उडवत नाही, हे डोक्यातच आलं नाही."

चिमणी रिळं रंगांप्रमाणे लावत बसली होती.

"डांबर तीन महिन्यांत भागलं," बाबा हळूच म्हणाले. "पुढचे तीन महिने... ते काही छपरासाठी नव्हते. हिचा आवाज ऐकू आला की वाटायचं, पाळी सुटायला अजून वेळ आहे. घरी जायची घाई नाही. घरी गेल्यावर ती नसते ना."

छतातल्या काचेतून उन्हाचा पट्टा त्या रिकाम्या स्टुलावर पडला होता.

"कुणाकुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग राहू दे. मी उद्यापासून बंद करतो. आपोआप आकडा जुळेल."

एक क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला तेच हवं होतं. सत्तरीतला माणूस. सभेत उभा राहून काय काय ऐकून घेईल.

"बाबा, रविवारी मावशीकडून वही काढून घेणार आहेत. तेरा युनिट ती चोरते म्हणून."

बाबांनी हात मागे नेऊन स्टूल चाचपलं आणि ते पहिल्यांदाच त्यावर बसले.

"ती मला काही बोलली नाही."

"तुमचं ब्लडप्रेशर वाढेल म्हणून."

६

सभा पॅकिंगच्या खोलीत भरली. तीस घरांची माणसं आली होती. पुढे टायवाला कागद पसरून बसला होता. मावशी कोपऱ्यात होती. वही मांडीवर, त्यावर दोन्ही तळवे.

चेअरमनने घसा खाकरला. "पहिला विषय, वही जमा करण्याचा..."

"पहिला विषय माझा," बाबा दारातून म्हणाले.

सात महिन्यांनी ते त्या खोलीत पाऊल टाकत होते. भाषण वगैरे त्यांना कधी जमलं नाही. मशीनमध्ये काय बिघडलंय ते साहेबाला सांगायचे, तसंच सांगितलं: तार कुठे जोडली, किती वेळ चालवायचो, का. "डांबरापुरतं छपरासाठी, पुढचं माझ्यासाठी," एवढंही सांगितलं. मला वाटलं होतं ते तेवढं गाळतील.

"म्हणजे काका," चेअरमन म्हणाला, "ही चोरीच झाली."

"हो."

"आणि तुम्ही तर नियम करणारे."

"म्हणून तर जास्त वाईट."

मागून लाँड्रीवाल्या वहिनींचा आवाज आला. "एक विचारू? सहा महिने माझ्या दुकानावर पाळत ठेवली त्या सगळ्यांनी आता माफी मागायची की एकेक करून?" थोडं हसू फुटलं आणि श्वास मोकळे झाले.

मग मी उठले. बाळ चेअरमनच्या आईकडे दिलं आणि चित्रकलेच्या वहीचं पान वाचलं. पेटी रोज तेवढीच वीज देतेय जेवढी पहिल्या वर्षी देत होती. पॅनल म्हातारे झालेले नाहीत. टायवाल्या साहेबांनी पेटीचा पडदा बघितला होता का? साहेबांनी कागद गोळा करायला सुरुवात केली.

"पण प्रश्न राहतोच," वायरमन भिंतीला टेकून म्हणाला. "दोन-तीन वर्षांत ही पेटी बदलावी लागणार. तेव्हा काय कराल?"

मग मावशी उठली. आठ वर्षांत ती सभेत आकड्यांशिवाय काही बोलली नव्हती.

"छपराचा वाटा चालू होता तेव्हा आपण दोनदा पंखा बदलला, एकदा सगळ्या तारा बदलल्या. कुणाला घरातून काही काढावं लागलं नाही. हे सगळं इथे लिहिलंय. तो वाटा आपण वाटून खाल्ला आणि प्रत्येकाच्या घरी काय आलं? दिवसाला अर्धं युनिटही नाही. मी लिहीत होते, मला दिसत होतं, मी बोलले नाही. ती माझी चूक." ती खाली बसली. मग परत उठली. "आणि भाऊजींची चूक ती त्यांची. ती मी माझ्या वहीत लिहिणार आहे. घट म्हणून नाही, काय झालं तेच लिहिणार."

"लिही," बाबा म्हणाले.

हात वर झाले. छपराचा वाटा परत चालू करायला एकोणीस, विरोधात अकरा. कंपनीचा कागद विषयपत्रिकेवरून निघाला. चेअरमनने कुणाच्या बाजूने हात वर केला ते मी मुद्दाम बघितलं नाही. वही मावशीच्या मांडीवरून हलली नाही.

बाबांनी खिशातून पाळणाघराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. पॅनल धुणाऱ्या दोन घरांपैकी एका घरातल्या आजी म्हणाल्या, "अहो, राहू द्या की. आठवड्यातून एक तास चालवा ते मशीन, आमचं कुणाचं काही म्हणणं नाही."

तसं कुणाचंच नव्हतं. चेअरमनसुद्धा मान हलवत होता.

"नको," बाबा म्हणाले. "तेवढ्यासाठी सगळा दांडा फिरतो."

ते निघाले. मावशी त्यांच्या मागून गेली. काही अंतर ठेवून ती चालत होती, मग ते अंतर उरलं नाही. ती काहीतरी रागाने बोलत होती आणि ते मान डोलावत होते. बराच वेळ तसंच चाललं होतं.

घरी आल्यावर मी बाळाला पाजायला बसले. बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते, ते पाठीवरून कळतं. चिमणी माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. सभेत तिला कुणीतरी खाऊ दिला होता, तो संपेपर्यंत ती काही बोलली नव्हती. आता तिने तोंड पुसलं.

"आई, आजोबांनी चोरी केली ना?"

"हो गं."

"मग त्यांनी सगळ्यांना सांगून टाकली ना?"

"हो."

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग ती चोरी आता कुठे गेली?"